मिटल्या डोळ्यांतला निळा उजेड

आमच्या शेजारचे एक गृहस्थ मध्यंतरी मुंबईहून डोक्यातल्या गाठीवर किरणोपचार घेऊन रत्नागिरीस परतले. एका संध्याकाळी हलक्या आवाजात मला म्हणाले, "प्रोफेसर, यंत्र सुरू झालं की मिटल्या डोळ्यांपुढे निळं चमकायचं. डॉक्टरांना बोललो नाही. म्हणतील, डोकंच फिरलं!"

मी इतिहासाचा माणूस. पण वाचकहो, या निळ्या उजेडालाही इतिहास आहे.

रेडियमचे द्रावण निळसर चमकते, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच दिसले होते. लोकांनी ठरवून टाकले की हे प्रतिदीपन. म्हणजे पदार्थ किरण गिळतो आणि उजेड टाकतो. १९३४ च्या सुमारास पावेल चेरेन्कोव हा तरुण रशियन संशोधक वाविलोव यांच्या हाताखाली याच कामात गुंतला होता. उजेड इतका मंद, की आधी तासभर अंधारात बसून डोळे तयार करायचे, मग मोजमाप! प्रतिदीपन मारणारी द्रव्ये घातली, द्रव तापवून पाहिला, उजेड हटेना. शुद्ध पाण्यातही तो होताच. तेव्हा हे प्रतिदीपन नव्हे.

उलगडा १९३७ साली फ्रँक व टाम यांनी केला. पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लक्ष किलोमीटर होतो. एखादा इलेक्ट्रॉन त्याहूनही वेगाने धावला तर? मिरकरवाड्याहून सुटलेली लाँच आपण पाहिली असेल. स्वतःच्या लाटांना मागे टाकते, तेव्हा पाठीमागे पाण्याची पाचर पडते. तशीच ही प्रकाशाची पाचर. तिघांना १९५८ चे नोबेल मिळाले. वाविलोव १९५१ सालीच वारले होते.

आपल्याकडे तुर्भ्याची अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. तिच्या पाण्यातला हाच निळा उजेड पाहून पंडित नेहरूंनी तिला 'अप्सरा' म्हटले. ती भट्टी २००९ साली बंद झाली.

उपचाराच्या किरणांनी शरीरातही असेच वेगवान इलेक्ट्रॉन सुटतात. रुग्णांना दिसते तो नुसता डोळ्याच्या पडद्याचा भास की खरा उजेड, हा वाद बरीच वर्षे चालला. अमेरिकेत डार्टमथच्या संशोधकांनी रुग्णाच्या डोळ्यातला हा उजेड कॅमेऱ्याने टिपला आणि २०२० साली प्रसिद्ध केला. डोळ्यातला द्रव पारदर्शक, म्हणून तिथे निळा दिसतो. इतरत्र रक्त निळा भाग गिळून टाकते आणि कातडीबाहेर तांबूस तेवढा उरतो. तोही कॅमेऱ्यात धरता येतो. त्यावरून किरण ठरल्या जागीच पडतात की हातावर, हनुवटीवर भलतीकडे जातात, हे उपचार चालू असतानाच कळते. गंमत म्हणजे चेरेन्कोवने बाजूला सारलेले दीपन इथे परत आले आहे: या उजेडाने शरीरात सोडलेले रंगद्रव्य चमकवायचे आणि गाठीत प्राणवायू किती ते मोजायचे, असे प्रयोग उंदरांवर झाले आहेत.

हे सारे मी शेजाऱ्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पुढच्या तपासणीला जाईन ना, तेव्हा सांगतोच डॉक्टरांना."