हजारातली ८२८ बाळं: एका आकड्याकडे कसं बघायचं?

अर्काइव्हमध्ये बसलं की कधीतरी एखादा आकडा असा समोर येतो की वहीत उतरवताना हात थांबतो. १९२१ साली मुंबईत एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांमध्ये नोंदला गेलेला बालमृत्यू दर होता हजारी ८२८. म्हणजे जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ८२८ पहिल्या वाढदिवसाआधीच गेली. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत हाच दर हजारी १३३ च्या आसपास होता.

आता तुम्ही काय कराल? बहुतेक जण हा आकडा प्रबंधाच्या पहिल्या पानावर टाकतील. मीही तेच करणार होते. पण आधी एक साधा प्रश्न विचारा: हा दर काढला कसा?

बालमृत्यू दर हा अपूर्णांक आहे. वर अंश, म्हणजे वर्षभरात दगावलेली बाळं. खाली छेद, म्हणजे त्या वर्षी नोंदलेले जन्म. गडबड छेदात आहे. गिरणीत वाइंडिंग-रीलिंग खात्यात काम करणारी बाई बाळंतपणाला कुठे जायची? गावी. रत्नागिरीला, साताऱ्याला. जन्माची नोंद (झालीच तर) तिकडे. मग काही महिन्यांनी बाळाला घेऊन ती चाळीत परत यायची, आणि बाळ दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. म्हणजे मूल अंशात आहे, छेदात नाही. दर फुगणारच.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. ही चूक सगळीकडे सारखी नाही. बाळंतपणाला गावी जाणारं कुटुंब बहुधा एका खोलीतलंच. म्हणजे एक खोली आणि चार खोल्या यांतली दरीही काही प्रमाणात नोंदणीनेच वाढवली आहे. व्हायव्हात परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतील.

मग आकडा फेकून द्यायचा का? नाही. इथे दुसरा पुरावा जोडून वाचायचा. १९२२ मध्ये मुंबई सरकारने डॉ. बार्न्स यांना गिरणी-कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमलं. त्यांचं वर्णन ‘लेबर गॅझेट’मध्ये आलं. चाळीतली एक खोली, साधारण १५ फूट बाय १२ फूट. तीत सहा कुटुंबं, सहा चुली, मोठी-लहान मिळून तीस माणसं. सहापैकी तीन बायकांचे दिवस भरत आलेले. बाळंतपणाला आडोसा कुठे, असं विचारल्यावर बरोबरच्या नर्सने तीन फूट बाय चार फुटांचा कोपरा दाखवला. आया कामावर जाताना बाळ झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी द्यायच्या, हेही त्यांनी नोंदवलं. ही गोळी वाईट आईपणाचा पुरावा म्हणून वाचू नका. दिवसभराची पाळी आणि घरी सांभाळायला कोणी नाही, या अडचणीवर गरिबाला परवडणारा तो उपाय होता.

म्हणजे ८२८ हा आकडा चुकीचा असेल, पण त्यामागचं मरण खोटं नव्हतं.

आता कायद्याकडे या. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आणलं. ते फेटाळलं गेलं. मग मुंबई कौन्सिलात विधेयक आलं. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा आजही वाचण्यासारखा आहे. बाळंतिणीला आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून मोठा भार खरं तर सरकारने उचलावा. पण मालक बायकांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणून. तेव्हा त्याच्यावर काही भार टाकणंही गैर नाही. १९२९ मध्ये कायदा झाला. भारतातला या प्रकारचा हा पहिला प्रांतिक कायदा.

पण तो कोणाला लागू होता? कारखान्यातल्या बाईला. त्यातही प्रसूतीआधी ठराविक महिने त्याच मालकाकडे काम केलेलं हवं, नोटीस दिलेली हवी. बदलीवर काम करणारी, नायकिणीच्या मर्जीवर आज आत तर उद्या बाहेर असणारी बाई हे कसं दाखवणार? आणि विडी वळणारी, धुणीभांडी करणारी तर कायद्याच्या कक्षेतच नव्हती. पुढच्या दशकात गिरण्यांमधलं बायकांचं प्रमाणही घटत गेलं. त्याला हा कायदा किती कारणीभूत, रात्रपाळीवरची बंदी किती आणि रॅशनलायझेशन किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. राधा कुमार यांचा १९८३ चा लेख तिथून सुरुवात करायला चांगला.

माझा मुद्दा एवढाच, की जी बाई जन्मनोंदणीच्या छेदातून निसटली, तीच कायद्याच्या व्याख्येतूनही निसटली. कारण दोन्हीकडे एकच: बाई एका जागी, एका मालकाकडे स्थिर आहे असं गृहीत धरलेलं. ती तशी कधीच नव्हती.

आज ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बाईचं नाव गावातल्या अंगणवाडीत असतं आणि ती स्वतः दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात. मातृत्व योजनेच्या लाभार्थींची टक्केवारी तुमच्यासमोर आली, तर अंश नंतर बघा. आधी छेदात कोण नाही ते शोधा. तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.