अर्ध्या इंचाची गोष्ट

हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात जा आणि अर्ध्या इंचाचा निपल मागा. दुकानदार मागे न बघता हात घालून एक काढून देईल. आता त्याच्या आट्यांवर व्हर्नियर कॅलिपर लावा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. कॅलिपर दाखवेल जवळजवळ २१. तरी तो अर्ध्या इंचाचाच. दुकानदाराला विचारलंत तर तो तुमच्याकडे असं बघेल की जणू तुम्ही सोमवारला सोमवार का म्हणतात ते विचारताय.

मला हे कोडं पडलं ते पारगावच्या घरी, माशांच्या टाकीखाली आडवं पडून. आमचं पारगाव आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीकडचं, भीमाशंकर साखर कारखान्याचं. शेजारच्या जुन्नर तालुक्यात आळ्याजवळ दुसरं पारगाव आहे, पाहुणे अधूनमधून तिकडे पोचतात. टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४० रुंद, ४५ उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर १६२ लिटर. काचेला भोक पाडून जादाचं पाणी खालच्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये उतरवायचं, तिथं ते गाळायचं आणि पंपानं परत वर चढवायचं, अशी रचना. सगळे मिळून सात जोड. त्यातले दोन गळत होते.

सेकंदाला एक थेंब ही गळती ऐकायला किरकोळ वाटते. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर जातात. माशांना ते कळायला आठवडा लागेल, टाकीखालचं प्लायवूड मात्र दोन दिवसांत फुगायला लागतं. आणि ते एका कोपऱ्यात बसलं की १६२ लिटर पाणी, काच आणि मासे यांचं पुढं काय होणार ते सांगायला नको.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे दोन प्रणाली आपापल्या जागी व्यवस्थित चालतात आणि बिघाड होतो तो जिथं त्या एकमेकींना भेटतात तिथं. पाण्याचंही तेच आहे. नळ्या क्वचितच गळतात, गळतात ते जोड. या दोन जोडांमागे लागलो आणि लक्षात आलं, की माणसानं पाणी साठवल्यापासून या प्रश्नाला मोजकीच उत्तरं दिली आहेत. त्यातली बहुतेक आमच्या आसपासच बघायला मिळतात.

पहिलं उत्तर सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कष्टाचं: जोडच ठेवायचा नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत सातवाहन काळातली लेणी आहेत आणि लेण्यांलगत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या प्राकृत शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी तुम्ही शाळेच्या सहलीत बघितली असतील. आख्खं टाकं एकाच दगडाचं, त्यामुळे गळायला सांधाच नाही. अट एकच, कातळाला भेग नको. म्हणजे कारागिराचं अर्धं काम छिन्नी उचलण्याआधी, जागा निवडतानाच व्हायचं. जुन्नरच्या एका लेखात नोंद आहे की इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दान दिल्या. यवन म्हणजे तेव्हाचा ग्रीक वंशाचा, निदान पश्चिमेकडून आलेला माणूस. दान देणाऱ्याचं नाव दगडावर राहिलं. भेग नसलेला कातळ ज्यानं ओळखला, त्याचं नाही.

पण टाकं उचलून गावात आणता येत नाही. पाणी चालतं करायचं म्हटलं की नळ आला आणि नळ आला की जोड आला. इथं दुसरं उत्तर सुरू होतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याच्याच काळात निजामशाहीचा कारभार काही वर्षं आमच्या शेजारच्या जुन्नरमधून चालला होता. खडकीला पाणी आणणारी त्याची नहर प्रसिद्ध आहे. पुढं तिथं वाढत गेलेल्या नहरींमध्ये खापराचे नळ एकात एक बसवून चुन्याच्या बांधकामात गाडलेले आढळतात. खापर ठिसूळ आणि चुना थोडासाच ताण सोसणारा. असा जोड जास्त दाबाला टिकत नाही.

मग दाबच वाढू द्यायचा नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं गेलं. त्या वाटेवर ठिकठिकाणी उभे मनोरे होते, त्यांना उच्छ्वास म्हणतात. नावातच काम आहे. नळातली कोंडलेली हवा तिथून बाहेर पडते, आणि पाणी तिथं उघड्या हवेला भेटत असल्यामुळे मागचा दाब पुढच्या जोडांवर साचत नाही. जोड मजबूत करण्याऐवजी जोडावरचा भार हलका केला. माशांच्या टाकीतून जादाचं पाणी खाली नेणाऱ्या नळीच्या टोपणाला वर एक बारीक भोक ठेवतात. ते बुजलं तर नळी गुळगुळ आवाज करते आणि पाणी हिसके देत उतरतं. ते भोक म्हणजे उच्छ्वासच, फक्त पाच मिलिमीटरचा.

तिसरं उत्तर लोखंडाबरोबर आलं: दोन नळ एकमेकांत पिळून बसवायचे. अडचण अशी, की प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनियरनं सगळ्यांचे आटे एका मापाचे असावेत असा प्रस्ताव मांडला. आट्याचा कोन ५५ अंश. त्याच कुळातले नळाचे आटे पुढं ब्रिटिश प्रमाण झाले आणि राज्याबरोबर आपल्याकडे आले. अर्ध्या इंचाचं कोडंही इथंच सुटतं. जुन्या लोखंडी नळाचं आतलं भोक अर्ध्या इंचाच्या आसपास असायचं, भिंत जाड, त्यामुळे बाहेरून माप मोठं भरायचं. नळ बदलले, भिंती पातळ झाल्या, प्लॅस्टिक आलं, पण जुन्या नळाशी जुळायचं म्हणून आट्यांचं बाहेरचं माप तेच राहिलं: २०.९५५ मिलिमीटर. त्याबरोबर नावही राहिलं.

अमेरिकेनं वेगळी वाट धरली. १८६४ मध्ये विल्यम सेलर्सनं ६० अंशांचा आटा सुचवला आणि तिथल्या नळांनाही तोच कोन आहे. गंमत म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळावर दोन्हीकडे इंचाला आटे चौदाच. म्हणून अमेरिकी जोडात आपला निपल आरामात दोन-तीन फेरे जातो. हाताला वाटतं, जमलं. पण कोन जुळत नाहीत, व्यासात थोडा फरक, आणि आट्यांमधल्या फटीतून पाणी गोल गोल फिरत बाहेर येतं. आमच्या दोन गळक्या जोडांपैकी एक हा होता. ऑनलाइन आलेल्या संचावर फक्त ‘अर्धा इंच’ लिहिलं होतं. कुठल्या देशाचा, ते नव्हतं.

जुळणारे आटेही कोरडे गळतातच, म्हणून फट भरावी लागते. आपल्याकडे जुने प्लंबर सूत आणि सफेदा वापरायचे. मूळचा सफेदा म्हणजे शिशाचं पांढरं संयुग, जवसाच्या तेलात कालवलेलं. प्लंबर हा शब्दसुद्धा शिशाच्या लॅटिन नावावरून आलाय. माशांच्या पाण्यात शिसं चालणार नाही, माणसांच्या पाण्यातही चालायला नकोच होतं. ६ एप्रिल १९३८ ला ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट शीतकपाटांसाठीच्या वायूवर काम करत होता. एका सिलिंडरमधून वायू येईना, वजन तर भरत होतं. सिलिंडर कापल्यावर आत पांढरी, निसरडी पूड निघाली. तेच टेफ्लॉन. त्याची पट्टी आज दहा-वीस रुपयांत मिळते.

घरगुती मत्स्यालयही याच शतकांचं अपत्य. १८३२ मध्ये जान विलप्रो-पॉवर ही फ्रेंच संशोधक सिसिलीत समुद्री जीव पाहण्यासाठी काचेच्या टाक्या वापरत होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, आणि १८५४ मधल्या फिलिप गॉसच्या पुस्तकानं ते खूळ घरोघरी नेलं. त्या टाक्या लोखंडी चौकटीच्या, काचा लांबीनं बसवलेल्या. लांबी वाळली की तडकायची आणि पाणी यायचं. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडलं, तोपर्यंत घरगुती टाक्या बहुतेक अशाच होत्या. १९६० च्या दशकात सिलिकॉन आलं आणि चौकट गेली. काच थेट काचेला चिकटली.

आमचा दुसरा गळका जोड ड्रमच्या भिंतीतून पार जाणारा होता. त्यासाठी कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका आले. त्यांनी उभ्याउभ्या बघितलं आणि म्हणाले, “पाण्याला दाब नको, वाट पायजे.” बरोबरच होतं. ४५ सेंटिमीटर पाण्याचा दाब तो कितीसा? गच्चीवरच्या टाकीचा नळ त्याच्या कितीतरी पट सोसतो. इथं रबरी वॉशर नटाच्या बाजूला होता. नट आवळताना तो रबराला बरोबर फिरवतो, रबर मुरडतं आणि वाट तयार होते. वॉशर पाण्याच्या बाजूला, नळाच्या कडेखाली हवा. नट हातानं आवळायचा, मग पान्यानं पाव फेरा. त्याहून जास्त पिळलं तर प्लॅस्टिक चिरतं. या आट्यांना टेपही नको, कारण पाणी अडवायचं काम आटे करत नाहीत, रबर करतं.

मग काकांनी खिशातून एक काळी रबरी कडी काढली. ठिबकचा ग्रोमेट. आमच्या भागात उसाच्या शेतात सबमेनला भोक पाडून हीच कडी बसवतात आणि तीत लॅटरलचा टेक-ऑफ ठोकतात. १९६५ मध्ये इस्राएलमध्ये ठिबकचा पहिला कारखाना निघाला. पुढं महाराष्ट्रात ते तंत्र इतकं रुजलं, की आज खेड्यातल्या पोरालाही जोड न गळता कसा बसवायचा ते हातानं माहीत असतं. शेतात हा ग्रोमेट एक किलोच्या आसपासचा दाब धरतो, आमच्या ड्रमच्या वीसपट तरी. ड्रमला तो बसला आणि गळायचा थांबला.

धरणावर, नहरीवर, टाक्यावर नाव असतं ते बांधवून घेणाऱ्याचं. पाणी मात्र टिकतं ते कातळ ठोकून बघणाऱ्या, चुना भरणाऱ्या, पाव फेऱ्यावर हात थांबवणाऱ्या माणसामुळं. त्यांची विद्या कुठं लिहिलेली नसते. काका गेले की तो पाव फेराही जाणार, म्हणून हे लिहून ठेवतोय.

तुमच्याकडेही टाकी असेल तर आज रात्री प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवा. बोटाला ओल कळत नाही, कागदाला कळते. सकाळी तुकडे उजेडात धरून बघा.