सात व्याख्याने, सदतीस वर्षे

मुंबई विद्यापीठात जॉन विल्सन यांच्या नावे ठेवलेल्या निधीतून भाषाशास्त्रावर व्याख्याने होत. १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी सात दिली. ग्रंथ मात्र १९१४ साली निघाला. निधीने वक्ता उभा केला, व्याख्यान टिकवले ते छापखान्याने. कोणी म्हणेल, व्याख्यान ऐकायचे असते, छापील प्रत म्हणजे त्याची सावली. मान्य, पण सभागृहातला आवाज तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या वसमतपर्यंत कसा पोचावा? पोचलाच तर पुस्तकातून, तोही इंग्रजीत! वास्तविक हे शास्त्र वसमतच्या मोंढ्यातल्या हळदीलाही लागू पडते: संस्कृत हरिद्रा, प्राकृत हलिद्दा, मराठी हळद. आणि सभागृहच जवळ यावे म्हटले, तर वसमतजवळच्या नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ व्हायला १९९४ साल उजाडले.