दौलताबादचा दरबार आणि सिंदखेडचे वतन

लखुजी जाधवराव निष्ठावंत होते की फितूर? जिजाऊंचे वडील म्हणून त्यांचे मोगलांकडे जाणे एका ओळीत उरकले जाते, नाहीतर फितुरीचा शिक्का मारून विषय संपवला जातो. मला वाटते, ही निष्ठा कशाला बांधलेली होती, हे आधी विचारायला हवे.

त्या काळी सरदाराच्या हाती दोन प्रकारचे हक्क असत. फौजेच्या खर्चासाठी मिळणारा मोकासा राजाची मर्जी फिरली की जाई. देशमुखीचे वतन मात्र वंशपरंपरेने चाले. दौलताबादच्या दरबारात लखुजी चाकर होते. सिंदखेडला ते देशमुख होते. भाऊबंद, पाटील, स्वार हे सारे या दुसऱ्या नात्याने जोडलेले. म्हणून सरदार निघाला की फौजही निघे.

आमच्या शहराचे मूळ असलेली खडकी १६१० मध्ये वसवणाऱ्या मलिक अंबरने निजामशाही सावरली, ती अशाच सरदारांच्या बळावर. तरीही १६२१ च्या सुमारास लखुजी मोगलांना मिळाले. १६२४ मध्ये भातवडीला ते मोगलांच्या बाजूने उभे होते आणि समोर अंबरच्या फौजेत जावई शहाजीराजे. राजांचे बंधू शरीफजी त्याच लढाईत पडले. घर असे दुभंगले होते.

अंबरच्या मृत्यूनंतर लखुजी निजामशाहीत परतले. जुलै १६२९ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यात मुजऱ्याला आले असता निजामशहाने त्यांना मारवले. सोबत अचलोजी व रघोजी हे पुत्र आणि नातू यशवंतरावही मारले गेले. पुन्हा फिरू शकणारा माणूस कायमचा दूर केला, असे शहाला वाटले असेल. प्रत्यक्षात उरलेले जाधव मोगलांकडे गेले आणि १६३० मध्ये शहाजीराजेही गेले. दुष्काळ आणि फत्तेखानाचे राजकारण ही कारणेही होतीच. पण १६३३ मध्ये दौलताबाद पडले, तेव्हा ते राखायला हे सरदार शहाजवळ नव्हते.

मोगलांनाही हा धडा मिळाला. शहाजीराजांना दिलेले महाल शहाजहानने फत्तेखानाला परत देताच राजांनी १६३२ मध्ये मोगलांची साथ सोडली. पुढे पेमगिरीवर निजामशाही घराण्यातले मूल गादीवर बसवून त्यांनी १६३६ पर्यंत झुंज दिली. धन्याने शब्द मोडला की चाकरीचा करार संपला, हाच हिशेब त्यात दिसतो.

म्हणून वतनदाराचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच्या या स्वायत्ततेची किंमत अखेर रयतच मोजत होती. स्वराज्यालाही हे कोडे चुकले नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदार हे राज्याचे वाटेकरीच मानले आहेत. त्यांना दुखवू नये, पण मोकळेही सोडू नये, असा त्या उपदेशाचा रोख आहे. निजामशहाने दौलताबादेत तलवारीने सोडवू पाहिलेला प्रश्न तो हाच. लखुजींना फितूर म्हणून मोकळे झालो, तर तो आपल्याला दिसणारच नाही.