पडद्यामागचे हात : नागपूर, बर्लिन, लंडन

यवतमाळात ऑलिंपिकवर व्याख्यान म्हटल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, "आपला काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. तिथूनच सुरुवात करू.

शेजारच्या अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. तेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ मध्ये या मंडळाचं पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेलं आणि कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ तिथे दाखवून आलं. १५ ऑगस्टला ध्यानचंदांच्या संघानं जर्मनीला ८-१ नं हरवलं, हे आपल्याला पाठ आहे. अमरावतीच्या पोरांचं नाव मात्र क्वचितच निघतं. कारण साधं आहे. त्यांच्या खेळाला पदक नव्हतं.

आता प्रात्यक्षिक म्हणजे काय ते पाहा. मल्लखांबावर एक जण चढतो, टाळ्या त्यालाच. पण खांब गुळगुळीत कोणी केला, जमिनीत पक्का कोणी रोवला, एरंडेल कोणी चोळलं, पडलाच तर झेलायला खाली कोण उभं होतं? आखाड्यात ही कामं वाटून दिलेली असतात. आज झेलणारा उद्या चढतो. पडद्यामागचं काम हे तिथे शिक्षणाचाच भाग असतं.

विदर्भाला हे नवं नव्हतं. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. सुमारे १४ हजार प्रतिनिधी आले. त्यांचं राहणं, जेवण, पाणी, मंडपातली शिस्त, सगळं स्वयंसेवकांवर. डॉ. ल. वा. परांजपे आणि डॉ. हेडगेवार यांच्याकडे त्या दलाची व्यवस्था होती. असहकाराचा ठराव इतिहासात गेला, पाण्याचे माठ भरणारे गेले नाहीत. 'स्वयंसेवक' हा शब्द आपल्याकडे रुळला तो अशा मंडपांतून. खेळाच्या मैदानावर तो नंतर आला.

पण इथे आम्हाला एक अडचणीची गोष्ट बोलायची आहे. बर्लिनचा तो सोहळा हिटलरच्या राजवटीचा देखावा होता. स्पर्धेच्या आधी, १६ जुलैला, शहरातल्या सुमारे ६०० रोमा आणि सिंती लोकांना पोलिसांनी उचलून मार्झानच्या छावणीत टाकलं. रस्ते स्वच्छ दिसावेत म्हणून! आमच्या पोरांचं कौशल्य अस्सल होतं, आणि ज्या मांडवात ते दाखवलं तो मांडव असा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. सेवा निर्मळ असली की ती ज्याच्या दारी केली तोही निर्मळ ठरतो, असं नाही. स्वयंसेवकानं एवढं तरी विचारावं : आपण कोणाचा मांडव सजवतोय?

पुढे जग बदललं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ७० हजार स्वयंसेवक होते. पगार नाही, राहण्याची सोय ज्याची त्यानं करायची. तरी अर्ज आले दोन लाखांवर. त्याच्या दोनच वर्षं आधी, दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुरुवात होण्याआधीच हजारो स्वयंसेवक गळाले. प्रशिक्षणाबद्दल आणि नेमून दिलेल्या कामाबद्दल नाराजी, असं कारण तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे आपली माणसं फुकट राबायला तयार नसतात असं नव्हे. नागपूरच्या मंडपात ती राबलीच की. कामाला अर्थ आणि माणसाला मान, दोन्ही लागतं. नुसता गणवेश देऊन भागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपला काय संबंध? अमरावती आपल्यापासून काही तासांवर. तिथल्या आखाड्यात शिकलेला एखादा आजोबा, एखादा शारीरिक शिक्षणाचा मास्तर तुमच्याही घरात निघेल. विचारा. त्यांच्याकडचं प्रमाणपत्र, पथकाचा फोटो, हजेरीचं रजिस्टर रद्दीत जाऊ देऊ नका. फोटोच्या मागे पेन्सिलनं नावं लिहून ठेवा, कडेला उभ्या असलेल्यांचीही. जिंकणाऱ्याचं नाव वर्तमानपत्र लिहून ठेवतं. खाली उभं राहून झेलणाऱ्याचं आपणच लिहायचं आहे.