बीबो, बीबेस, बीबे : एका कोष्टकाची कुळकथा

स्पॅनिश शिकायला बसलं की सुरुवातीलाच सहा घरांचं एक कोष्टक समोर येतं. ‘बीबीर’ म्हणजे जगणं, राहणं. त्यातला ‘ईर’ काढायचा आणि उरलेल्या ‘बीब’ला प्रत्यय लावायचे : बीबो, बीबेस, बीबे, बीबीमोस, बीबीस, बीबेन. म्हणजे मी राहतो, तू राहतोस इथपासून ते राहतात इथपर्यंत. नियमित क्रियापदांचे ‘आर’, ‘एर’, ‘ईर’ असे तीनच गण. त्यांचे प्रत्यय पाठ झाले की शेकडो क्रियापदं वर्तमानकाळात चालवता येतात.

हे प्रत्यय रोमन सत्तेबरोबर स्पेनमध्ये पोहोचलेल्या लॅटिनचे. ‘गाणे’ या क्रियापदाची लॅटिन रूपं कांतो, कांतास, कांतात, कांतामुस, कांतातिस, कांतांत. स्पॅनिशमध्ये ती कांतो, कांतास, कांता, कांतामोस, कांताइस, कांतान अशी झाली. शेवटचा ‘त’ गळाला. ‘कांतातिस’मधल्या ‘त’चा आधी ‘द’ झाला, मग तोही गेला. स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद बोलण्यातून पुसला गेला आणि लॅटिनच्या चार गणांचे तीन उरले. ते १४९२ मध्ये आंतोनियो दे नेब्रिहाने आपल्या व्याकरणात मांडले.

 

पण हे कूळ लॅटिनपाशी संपत नाही. लॅटिन ‘वीवित, वीवुंत’ शेजारी संस्कृत ‘जीवति, जीवन्ति’ ठेवून पाहा. धातूही एक, प्रत्ययही एक. दोन्ही भाषा एकाच आदिभाषेच्या लेकी.

मराठीतही तो वारसा आहे. संस्कृत ‘करोति’पासून प्राकृत ‘करइ’ आणि त्यातून जुन्या मराठीतला वर्तमानकाळ ‘करी’ आला. पुढे ‘त’ लागलेलं ‘करतो’ रुळलं आणि ‘करी’ रीतिभूतकाळाकडे सरकलं : ‘तो रोज पहाटे व्यायाम करी.’ म्हणींत मात्र जुना वर्तमानकाळ टिकून आहे. ‘दाम करी काम’, ‘थेंबे थेंबे तळे साचे’ असं मुळशीतल्या भरे गावात कुणी म्हणालं, तर तो ज्ञानेश्वरकाळातला वर्तमानकाळ बोलतो. आजच्या ‘करील’मध्येही तेच ‘करी’ आहे.

घरातून निघताना आपण नुसतं ‘येतो’ म्हणतो. ‘मी’ लागत नाही, कारण प्रत्यय आणि प्रसंग मिळून कर्ता सांगतात. स्पॅनिशची रीत हीच. उलट आपल्या ‘येतो-येते’सारखा लिंगभेद तिथे नाही, ‘बीबो’ बाईचंही, पुरुषाचंही.

म्हणून भरे गावातल्या मुलामुलींनी स्पॅनिश हाती घेतली, तर कोष्टक घोकण्याआधी त्याच्या शेजारी ‘जीवति’ आणि ‘करी’ लिहून ठेवावं. पाठांतर चुकणार नाहीच, पण ही भाषा परकी म्हणून तिला भिण्याचं कारण उरणार नाही.