देवळालीचा ताप आणि १४४१६

सध्या मुक्काम म्हैसूर. एनसीसीच्या पोस्टिंगवर आलोय आणि चामराजपुरममध्ये भाड्याने घर घेतलंय. नंजनगूड-चामराजनगरकडे जाणाऱ्या गाडीचं म्हैसूर जंक्शननंतरचं हे पहिलंच छोटं स्टेशन. संध्याकाळी थोडा वेळ मिळतो, आणि नेमके तेव्हाच जुन्या पलटणीतल्या, आता पेन्शनवर असलेल्या लोकांचे फोन येतात. सुरुवात ईसीएचएसच्या कार्डापासून किंवा पोराच्या भरतीपासून होते. खरं बोलणं शेवटच्या दोन मिनिटांत येतं. "झोप लागत नाही साहेब. बाकी सगळं ठीक आहे." आजचा लेख त्या दोन मिनिटांच्या इतिहासाबद्दल आहे.

हा इतिहास आपल्या देवळालीपासून सुरू करावा लागतो. तोफखान्याच्या माणसाला देवळाली सांगायला नको. पण इंग्रजी बोलीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डुलाली' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या नाशिकजवळच्या या छावणीवरून आलाय, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मूळ शब्दप्रयोग 'डुलाली टॅप'. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. करार संपलेले गोरे सोल्जर मुंबईहून सुटणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या कॅम्पात थांबायचे. या बोटी साधारण हिवाळ्याच्या मोसमातच सुटायच्या. मोसम हुकला की पुढचे कित्येक महिने तिथेच. ड्युटी नाही, परेड नाही, जवळ दारू आणि वर ऊन. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या फ्रँक रिचर्ड्स या सोल्जरने १९३६ साली छापलेल्या आपल्या आठवणींत या देवळालीच्या तापाबद्दल लिहिलंय. लक्षात घ्या, नोकरीत टिकलेली माणसं घरी जायच्या वाटेवर, हातातलं काम सुटल्यावर ढासळत होती. फौजेने या त्रासाला थट्टेचं नाव दिलं आणि विषय तिथेच संपवला.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. मी राहतो त्या म्हैसूर संस्थानाचे लान्सर्स जोधपूर आणि हैदराबादच्या घोडदळाबरोबर इजिप्तला गेले. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी हैफा जिंकलं. दिल्लीच्या तीन मूर्ती या तीन संस्थानांच्या सैनिकांच्याच आहेत. त्याच युद्धात आपल्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या. १४७ दिवसांनंतर, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्येच 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय मासिकात छापला होता. स्कॉटलंडमधल्या क्रेगलॉकहार्टला इंग्रज अफसरांसाठी खास इस्पितळही चाललं. कूतहून सुटून सातारा-रत्नागिरीच्या वाड्यावस्त्यांवर परतलेल्या शिपायाकडे मात्र एकच औषध होतं, सोबत. परतलेले दोघे-चौघे आसपासच्या गावांतलेच असत. पारावर बसून एकाने अर्धं वाक्य बोललं की दुसऱ्याला पुरं कळायचं.

सोबतीचं हे मोल अमेरिकेने व्हिएतनाम युद्धानंतर ओळखलं. १९७० च्या सुमारास परतलेले सैनिक न्यूयॉर्कमध्ये आपापसात गोल करून बसू लागले. मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात पाहुण्यासारखे येऊन बसत. त्यांच्या रेट्यामुळे १९८० मध्ये 'पीटीएसडी' हा आजार अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आला. माजी सैनिकांसाठी फोनची हेल्पलाइन २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून संगणकावर लिहूनही बोलता येऊ लागलं.

आपल्याकडे याची मुळं म्हैसूर संस्थानात सापडतात. संस्थानाने बंगळुरात मनोरुग्णालय बांधलं. १९४६ च्या भोर समितीने मानसिक आरोग्यासाठी संस्था काढायला सांगितलं होतं. ती १९५४ मध्ये याच रुग्णालयाच्या आधाराने उभी राहिली आणि १९७४ मध्ये दोन्ही मिळून निम्हान्स झालं. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेची सूत्रं याच निम्हान्सकडे आहेत. नंबर १४४१६. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, वीस भाषांत बोलता येतं, त्यात मराठी आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकतो, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या एएफएमसीत याच सेवेचा सैन्यदलांसाठीचा खास कक्ष दोन वर्षांच्या प्रयोगाकरता उघडला. त्याआधी २७ मे २०२१ ला संरक्षण मंत्रालयाने 'सेहत' ही ऑनलाइन ओपीडी सुरू केली होती. तिथे पेन्शनरालाही घरबसल्या फौजी डॉक्टर दाखवता येतो.

आपल्या माणसाला हे फोनवर का सोपं जातं, ते गावात राहिलेल्यालाच कळेल. तालुक्याच्या ठिकाणी 'मनोविकारतज्ज्ञ' अशा पाटीखाली निवृत्त हवालदार उभा दिसला, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीत बातमी. पोरीचं लग्न ठरायचं असतं, सिक्युरिटीच्या नोकरीचा अर्ज दिलेला असतो. फोन घेऊन शेताच्या बांधावर गेलं तर कोणी बघत नाही. मानसिक उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिलाय, हेही आपल्या लोकांना सांगायला हवं.

एक गोष्ट मात्र अजून वाढवायला हवी असं मला वाटतं. आजचा जवान युद्ध संपवून पलटणीबरोबर परतत नाही. चाळिशीच्या आत, एका ठरलेल्या तारखेला, ट्रंक आणि होल्डॉल घेऊन तो एकटाच गाडीत बसतो. वीस वर्षं सकाळी कुणीतरी हाक मारून उठवलं, आता उठवणारं कुणी नाही. देवळालीत निदान शेजारच्या खाटेवर तसाच एक माणूस होता. म्हणून फोनच्या पलीकडे डॉक्टर हवाच, पण त्याच्या जोडीला एखादा निवृत्त सुभेदारही प्रशिक्षण देऊन बसवावा. 'पिकेटवर रात्र काढली' म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागणार नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडे माजी सैनिकांच्या नोंदी असतात, त्यातून अशी माणसं निवडता येतील. माझ्या मते एवढी एक भर घातली तर या सेवेचा फौजी माणसाला दुप्पट उपयोग होईल.

तोपर्यंत आपण एवढं तरी करू. पेन्शनवर गेलेल्या सोबत्याचा फोन आला तर कार्डाचं काम झाल्यावर लगेच ठेवू नका, आणखी दोन मिनिटं थांबा. तो झोपेबद्दल बोललाच, तर १४४१६ लिहून द्या आणि दुसऱ्या दिवशी 'लावलास का रे?' म्हणून आपणहून विचारा. आणि हा लेख वाचणाऱ्यालाच झोप येत नसेल, तर नंबर त्याच्यासाठीही तोच आहे.

जय हिंद.